चाल सुचली की उचलली?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. जोतिबाच्या चैत्र यात्रेसाठी तुम्ही एक गाणं केलंत. शब्द मित्राचे, चाल तुमची, रेकॉर्डिंग घरच्याच सेटअपवर. ऐकवल्यावर तिघा-चौघांनी तोंडावर सांगितलं, ‘मुखडा ढापलाय.’ तुम्ही मुद्दाम काहीच घेतलेलं नाही. म्हणून विचारलंत की ही चोरी आहे का, आणि सगळेच कुठून ना कुठून घेत असतील तर ओरिजिनल म्हणजे नेमकं काय.

मी ३४ वर्षं कोल्हापुरात हेच काम करतोय. सुरुवात ऑर्केस्ट्रात पेटी आणि पुढे कीबोर्ड वाजवून झाली, मग कॅसेटच्या काळात अरेंजर होतो, आता मंगळवार पेठेत छोटा स्टुडिओ आहे. तुमचं गाणं सहा वेळा ऐकलं आणि पेटीवर वाजवूनही पाहिलं. माझं मत आधीच सांगतो. तुम्ही चोर नाही, पण तो मुखडा तुमचा नाही. यात्रेआधी तो बदला. आणि त्याच गाण्यात एक ओळ अशी आहे, जी मी आजवर कुठेच ऐकलेली नाही. तिच्याकडे शेवटी येतो.

चाल मी कशी तपासतो ते आधी सांगायला हवं, कारण नुसतं ‘सारखं वाटतं’ म्हणून कुणालाही दोषी धरता येत नाही. हल्ली दोन गाणी सारखी वाटतात ती पुष्कळदा चालीमुळे नव्हेच. तोच हलगी-घुमक्याचा लूप, तोच सनईचा सॅम्पल, तसाच कोरस आणि मध्ये ‘चांगभलं’चा गजर, एवढं जमलं की कुठलीही दोन गाणी जुळी भावंडं वाटायला लागतात. म्हणून आधी हे सगळं बाजूला काढायचं. शब्द नकोत, ठेका नको, मधले वाद्यांचे पीस नकोत. उरलेली चाल पेटीवर एका बोटाने निम्म्या लयीत वाजवायची. मग तीच आठ मात्रांच्या केरव्यातून सहा मात्रांच्या दादऱ्यात टाकायची. मग पट्टी बदलायची, काळी एकची काळी चार करायची. इतकं करूनही शेजारी बसलेला माणूस पाच-सहा स्वरांतच जुन्या गाण्याचं नाव घेत असेल, तर ती चाल त्या गाण्याची आहे, तुमची नाही.

तुमच्या मुखड्याचं नेमकं हेच झालं. ‘डोंगरावर उधळला गुलाल’ ही ओळ. ‘डोंगरावर’ मध्यमाभोवती घोळतं. मग ‘उधळला’मधल्या ‘ध’वर आवाज एकदम कोमल निषादावर चढतो, तोही मात्रेवर नाही, दोन मात्रांच्या मधल्या फटीत. तिथून पंचमावर येऊन चार मात्रा थांबतो, खाली ठेका मोकळा चालू राहतो, आणि ‘गुलाल’वर ग म ग रे सा करत घरी येतो. आमच्या ढोलकीवाल्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा वाजवताना त्यांनी मान वर केली आणि त्या जुन्या गाण्याचं नाव घेतलं. दादऱ्यात वाजवलं तरी तेच नाव. त्या गाण्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, आणि तुमचं गाणं अजून बाहेर आलेलं नाही.

तुमचे मित्र म्हणतात की दोन्ही गाणी भीमपलास रागात आहेत म्हणून सारखी वाटतात. तसं नाही. नि सा ग म प ही भीमपलासाची चढण कुणाच्याच मालकीची नाही, आणि त्या चढणीवर उभी असलेली गाणी मोजायला बसलो तर रात्र सरेल. ग म ग रे सा ही उतरणही तशीच. तुमच्या मुखड्यात दुसऱ्याचं आहे ते फक्त दोन गोष्टींत: फटीत मारलेली निषादाची उडी आणि पंचमावरचा तो चार मात्रांचा मुक्काम. त्या संगीतकाराने कधीतरी पेटीवर बसून ठरवलं की इथे शब्द संपवायचा नाही, थांबायचं, ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचं. तो निर्णय त्याचा आहे. माझ्या दृष्टीने चाल म्हणजे असल्या निर्णयांची मालिका. स्वर सगळ्यांचे, राग सगळ्यांचा, ठेका सगळ्यांचा. कुठे थांबायचं, कुठे उडी मारायची, कुठल्या अक्षरावर कुठला स्वर ठेवायचा, हे मात्र एका माणसाचं असतं.

आता ‘सगळेच घेतात’ याबद्दल. हो, घेतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपण ज्या गावात राहतो त्या गावाचं संगीतच घेण्यातून उभं राहिलंय. १८८२ च्या ‘सौभद्र’ या संगीत नाटकात साक्या, दिंड्या, ओव्या, लावणीची वळणं, कानडी पदांच्या चाली असं सगळं आहे. जुन्या संगीत नाटकाचं छापील पुस्तक कधी हातात आलं तर नीट बघा, पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द असतो आणि पुढे मूळ पदाची सुरुवातीची ओळ दिलेली असते. हे पद कुठल्या चालीवर म्हणायचं, ते चार लोकांसमोर छापून सांगितलेलं. त्या ओळीने पदाची किंमत कमी झाली असं एकाही प्रेक्षकाला वाटलं नाही.

पुढे १९११ साली ‘मानापमान’ आलं. त्याच्या चाली आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांच्या. ठुमरी, दादरा, कजरी, गझल हा उत्तरेकडचा पूरब ढंग त्यांनी मराठी पदांत आणला. पण आणला म्हणजे काय केलं? ठुमरीत एकच ओळ दहा वेळा बोल बनवून घोळवतात, वेळेचं बंधन नसतं. नाटकात पात्र भांडणाच्या मध्येच गायला लागतं, त्याला पुढचा संवाद गाठायचा असतो, आणि मराठी शब्दांतल्या जोडाक्षरांना ब्रजभाषेसारखं वितळता येत नाही. हे सगळं सांभाळून चाल बसवायची तर जुनी चाल जशीच्या तशी चालतच नाही. ती मोडावी लागते, पुन्हा जुळवावी लागते, आणि त्या मोडण्या-जुळवण्यात संगीतकार दिसतो. हेच गोविंदराव पुढे १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’चे संगीतकार झाले. ती कंपनीही तेव्हा इथेच, कोल्हापुरात होती.

गायकीचं तर विचारूच नका. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेब इथे राहिले आणि त्यांची गायकी इथून महाराष्ट्रभर पसरली. ती शिकायची पद्धत कोणती? गुरूसमोर बसायचं आणि त्याच्यासारखंच म्हणायचं, वर्षानुवर्षं. नकलेतूनच शिक्षण. पण देवल क्लबात लहानपणी मैफिली ऐकल्या तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. गाणारा बुवा आपल्या गुरूचं किंवा एखाद्या थोर गवयाचं नाव घेताना हात कानाच्या पाळीला लावतो. कुठली जागा कुठून आली ते सांगून मग ती गातो. त्या कानाला लावलेल्या हातातच सगळं येतं. हे माझं नाही, मला मिळालंय, आणि कुणाकडून मिळालंय ते तुम्हाला सांगतोय.

कुणी म्हणेल, शास्त्रीय संगीतात ठीक आहे, लोकसंगीत तर कुणाचंच नसतं. मीही असंच समजत होतो. पट्टणकोडोलीकडच्या एका धनगरी ओवीवाल्याला काही वर्षांपूर्वी मी रेकॉर्ड केलं. त्याच्यासोबत त्याचा थोरला भाऊ होता. एक ओळ धाकट्याने जरा वेगळी उचलली, मला ती आवडली, म्हणून थोरल्याला म्हटलं की तुम्हीही तशीच घ्या, दोघांचं एकत्र चांगलं लागेल. थोरला म्हणाला, ‘ती त्याची उचल हाय. मी माझीच घेनार.’ एकाच वाड्यात वाढलेले, एकाच देवाची, एकच ओवी म्हणणारे दोन भाऊ. तरी कुणाची उचल कुठली हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि एकमेकांच्या उचलीला ते हात लावत नव्हते. बाहेरच्या आपल्यासारख्यांना तो सगळा ढीग ‘पारंपरिक’ दिसतो, कारण आपल्याला आतली नावं माहीत नसतात.

तुमच्या मनात मुख्य बोच आहे ती ‘मी मुद्दाम केलं नाही’ ही. तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण माझ्यावरही हा प्रसंग आलाय. १९९८ चा पावसाळा. पन्हाळ्याहून मोटरसायकलवर येताना वाघबीळच्या उताराला एक चाल सुचली. गाडी थांबवून ती तीनदा गुणगुणली, घरी येऊन लगेच नोटेशन लिहून ठेवलं. इतकी सहज आणि इतकी पूर्ण चाल मला त्याआधी कधी सुचली नव्हती. सहा महिने मी ती जपून ठेवली, एका चांगल्या गीतासाठी. मग एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात जुन्या हिंदी गाण्यांचा राउंड चालू असताना एका गाण्याच्या अंतऱ्याची तिसरी ओळ आली आणि माझे हात पेटीवर थांबले. तीच चाल. ते गाणं माझ्या वडिलांच्या रेडिओवर लागायचं, मी सात-आठ वर्षांचा असेन. नोटेशनचा तो कागद दुसऱ्या दिवशी फाडला. तेव्हापासून एखादी चाल फारच सहज, सगळी एकदम, आखीव-रेखीव सुचली की मला आनंद नंतर होतो, आधी शंका येते.

न्यायालयाने हेच एकदा कागदावर लिहून ठेवलंय. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या १९७० च्या ‘माय स्वीट लॉर्ड’ या गाण्यावर दावा लागला की ते १९६३ च्या ‘ही’ज सो फाइन’ या गाण्यासारखं आहे. १९७६ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल दिला की हॅरिसनने जाणूनबुजून नक्कल केली असं नाही, ती जुनी चाल त्याच्या नकळत मनात बसलेली होती, पण तरीही ते उल्लंघनच. निकाल देणारे न्यायाधीश रिचर्ड ओवेन स्वतः संगीतकार होते, ऑपेरा लिहायचे. मला हा निकाल कडक वाटतो, पण चुकीचा वाटत नाही. हेतू स्वच्छ असला म्हणून चाल तुमची होत नाही. तुम्ही निर्दोष असू शकता आणि तरीही ती वस्तू दुसऱ्याची असू शकते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्हाला होणारा मनस्ताप त्या एकत्र केल्यामुळे होतोय.

उघडपणे घेऊन स्वतःचं करणं कसं असतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण संगीतकार सलील चौधरींचं. मोझार्टची चाळिसावी सिंफनी, १७८८ सालची. सुरुवात पेटीवर वाजवून पाहा: कोमल ध प प, कोमल ध प प, कोमल ध प प, आणि मग वरच्या कोमल गंधारावर उडी. उसासा टाकल्यासारखी ती तीन स्वरांची तुकडी. १९६१ च्या ‘छाया’तल्या ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’चा मुखडा याच तुकडीवर उभा आहे, लपवलेला अजिबात नाही. पण मोझार्टचे व्हायोलिन धापा टाकत पळतात, आणि इथे तीच तुकडी ‘इतना ना’ असं आर्जव करते. शब्दाचा आणि स्वराचा सांधा नवा आहे. तिकडे रवींद्रनाथांनी स्कॉटलंडच्या ‘ऑल्ड लँग साइन’वरून ‘पुरानो शेइ दिनेर कथा’ केलं. रवींद्रनाथांच्याच ‘जोदि तारे नाइ चिनि गो’ या गाण्यावरून सचिनदेव बर्मन यांनी १९७३ च्या ‘अभिमान’मध्ये ‘तेरे मेरे मिलन की ये रैना’ केलं. ही सगळी गाणी मी विद्यार्थ्यांना मूळ गाण्याशेजारी ठेवून ऐकवतो. दोन्ही ऐकल्यावर दुसऱ्याबद्दलचा आदर कमी झाला असं आजवर कुणी म्हटलं नाही.

आणि याच्या अगदी उलट काय असतं ते मी स्वतः केलेलं आहे. नव्वदच्या दशकात एका कॅसेट कंपनीने मला त्या वर्षीच्या हिट हिंदी गाण्यांची यादी दिली. त्या चालींवर अंबाबाईची आठ गाणी करायची, दोन दिवसांत. मी केली. अशा तीन कॅसेट केल्या. कव्हरवर ‘संगीत’ म्हणून माझं नाव छापलं होतं. आईने ती कॅसेट देव्हाऱ्याजवळ ठेवली होती, आणि माझं नाव त्या कव्हरवर बघून मला तिच्याकडे बघवेना. चाल घेतली याचं दुःख कमी होतं. त्या मूळ संगीतकाराच्या जागी माझं नाव होतं, हे मला आजही सलतं. त्या कव्हरवर जुन्या नाटकाच्या पुस्तकासारखं ‘चाल: अमुक’ असं छापलं असतं तर परवानगीचा प्रश्न राहिलाच असता, पण खोटेपणा तरी राहिला नसता.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण आपल्या क्षेत्रात फार चुकीच्या समजुती आहेत. ‘सात स्वरांपर्यंत घेतलं तर चालतं’, ‘चार बारपर्यंत कॉपीराइट लागत नाही’, हे मी किती स्टुडिओंत ऐकलं असेल! असा कुठलाही नियम नाही. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयात राम संपत यांनी दावा लावला होता. त्यांनी एका मोबाइलच्या जाहिरातीसाठी केलेल्या धुनेचा तुकडा एका हिंदी चित्रपटाच्या गाण्यांत आला होता. तुकडा छोटा होता. पण किती स्वर घेतले यापेक्षा जे घेतलं ते त्या धुनेचा प्राण आहे का, आणि साध्या ऐकणाऱ्याला ते ओळखू येतं का, याला महत्त्व मिळालं आणि निर्णय संपत यांच्या बाजूने लागला. म्हणजे आमच्या ढोलकीवाल्यांनी मान वर केली, तीच कसोटी.

उलट बाजूने, राग कुणाचा नसतो हेही पक्कं आहे. ‘पोन्नियिन सेल्वन’ या तमिळ चित्रपटाच्या दुसऱ्या भागातल्या गाण्यावरून डागर घराण्याच्या वारसांनी ए. आर. रहमान यांच्यावर दावा लावला. ‘शिवस्तुती’ ही ध्रुपदाची बंदिश अडाणा रागातली, तिच्यावर ते गाणं बेतल्याचं म्हणणं होतं. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींचा आदेश दावा करणाऱ्यांच्या बाजूने गेला, सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. या सगळ्यात वाद होता तो बंदिशीचा. अडाणा कुणाचा हा प्रश्न कुणीच विचारला नाही.

चालीवरचा हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. गोविंदराव १९५५ साली गेले, म्हणजे त्यांच्या चाली २०१६ पासून सगळ्यांना मोकळ्या झाल्या. पण एखाद्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो, तो प्रकाशनापासून ६० वर्षांचा. म्हणून जुनं पद तुम्ही नव्याने गाऊ शकता, कुणाच्या तरी अलीकडच्या रेकॉर्डिंगमधला तुकडा कापून घेऊ शकत नाही. कव्हर करायचं तर मूळ रेकॉर्डिंग बाहेर येऊन पाच वर्षं झालेली हवीत, आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि शब्द किंवा चाल बदलायची नाही. लग्नाच्या वरातीत बँडवाल्याने सिनेमाचं गाणं वाजवलं तर कायदा आडवा येत नाही, धार्मिक विधी आणि लग्नसमारंभाला स्पष्ट सूट आहे. पण त्याच चालीवर जोतिबाचे शब्द बसवून, रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं की ती सूट संपली. तिथे यंत्रच चाल ओळखतं आणि दावा येतो. बरीच मुलं तेव्हा ‘पण आम्ही पैसे कमावतच नाही’ म्हणतात. त्याने फारसा फरक पडत नाही.

‘पारंपरिक’ या शब्दाबद्दल मला तळमळीने काही सांगायचंय. २००३ साली शाहूवाडीकडच्या एका गावाच्या पालखीसाठी मी एक गाणं केलं. मोबदला एक नारळ आणि शाल, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. गाणं आसपासच्या गावांत पसरलं, बेंजोवाल्यांनी उचललं. बारा वर्षांनी एका कंपनीचा व्हिडिओ आला, चाल तीच, ध्रुवपद तेच, आणि खाली लिहिलेलं ‘संगीत: पारंपरिक’. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की पुरावा द्या. माझ्याकडे हाताने नाव लिहिलेली एक कॅसेट होती, तारीख नव्हती, नोटेशन नव्हतं. प्रकरण तिथेच थांबलं. १९९४ पर्यंत तर कायद्याच्या व्याख्येतच लिहिलेलं किंवा छापलेलं संगीत तेवढंच ‘संगीत’ होतं. कागद न वापरणाऱ्या आमच्या मागच्या पिढ्यांच्या किती चाली अशा ‘पारंपरिक’ म्हणून वाहून गेल्या असतील!

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, चाल झाली की त्याच दिवशी फोनवर रेकॉर्ड करा, नोटेशन लिहा, दोन्ही स्वतःलाच ईमेल करून ठेवा. नोंदणी सक्तीची नाही, पण करता आली तर बरं. आणि कुणाकडून लोकगीत मिळालं तर नुसतं ‘पारंपरिक’ लिहून सुटू नका. कुठल्या गावच्या, कुठल्या माणसाकडून मिळालं ते त्याच्या परवानगीने लिहा. जोगतिणीने चौंडकं या तंतुवाद्यावर तुम्हाला एक गाणं शिकवलं असेल तर तिचं नाव हवं. पैशांचा वाटाही हवा.

आता तुमचं गाणं. मुखड्यातली निषादाची उडी मात्रेवर आणून काही होणार नाही, मी करून पाहिलं, तरीही जुनं गाणंच ऐकू येतं. पंचमावरचा मुक्काम काढला तर ओळ अगदीच सपाट होते. म्हणजे त्या ओळीची सगळी ताकद उसन्या भागातच होती. ठिगळ लावत बसू नका, मुखडा सोडून द्या.

दुसऱ्या अंतऱ्यात सासनकाठीची ओळ आहे ना, ‘पाय पुढं, काठी मागं, तोल देवा तुझ्या हाती’, ती पुन्हा ऐका. तिथे तुम्ही आठ मात्रांच्या केरव्यात शब्द तीन-तीन-दोन असे वाटलेत आणि ‘मागं’वर स्वर खालच्या धैवतापर्यंत झुकवलाय, अगदी काठी मागे कलते तसा. मग ‘तोल’वर षड्ज येतो आणि सगळं पुन्हा सरळ होतं. हे तुम्ही कुठल्या गाण्यातून घेतलेलं नाही. तुम्ही लिहिलंत की लहानपणी वडिलांबरोबर सासनकाठीला खांदा दिलाय. वाडी रत्नागिरीच्या चढावर ती उंच काठी पेलताना माणसं पाय कसा टाकतात, ते तुमच्या कानात आणि गुडघ्यात आहे, आणि तिथूनच ही ओळ आलीय. मी ती दादऱ्यात वाजवून पाहिली तर मोडली, दुसऱ्या ठेक्यात बसतच नाही. ढोलकीवाले म्हणाले, ‘हे कुणाचं?’

तीच ओळ ध्रुवपदाला आणा. गुलालाची ओळ अंतऱ्यात जाऊ दे, तिला नवी साधी चाल द्या, मध्यमाच्या वर न जाता. ‘चांगभलं’चा गजर सॅम्पलमधून न घेता यात्रेतल्या माणसांकडून म्हणवून घ्या, तुमच्या पेठेतल्या तालमीची पोरं आनंदाने येतील. हलगीही लूपची नको. आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी दोन हलगीवाले आणि एक कैताळ, म्हणजे झांज, वाजवणारा येतात. तुम्ही या, फक्त ती ओळ घेऊन या, मुखड्याची जुनी फाइल आणू नका. तीन-तीन-दोनचा तो तोल हलगीवर कसा बसतो ते आधी ऐकू, मग रेकॉर्डिंगला हात घालू.